भास्कराचार्यांचा गोलप्रश्न आणि बालजिज्ञासा

(१)

पृथ्वी कशावर ठेवलेली आहे, ती खालीं कां पडत नाहीं, चंद्र लहानमोठा कां होतो, ग्रहण कशानें लागतें, हे प्रश्न सातआठ वर्षांचें मूल केव्हांना केव्हां विचारतेंच. त्यांचीं उत्तरें आपल्या देशांत कोणत्या काळीं कोणीं कशीं दिलीं, हा विषय शिक्षणशास्त्राचा म्हणून इतिहाससंशोधक सहसा बाजूस ठेवितात. आमच्या मतें तो इतिहासाचाच विषय आहे. प्रश्न पिढ्यानुपिढ्या तेच राहतात, उत्तरें मात्र बदलतात. आणि त्या बदलाचा माग ग्रंथांवरून व शिलालेखांवरून काढतां येतो.

प्रस्तुत लेखांत भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचाच मुख्यतः विचार करावयाचा आहे. हा ग्रंथ कोणत्या प्रश्नांच्या उत्तरासाठीं रचिला गेला, त्याच्या पठनाची सोय महाराष्ट्रांत कोठें झाली होती, पुढें त्याचें अध्ययन मागें कां पडलें, आणि एकोणिसाव्या शतकांत तो पुन्हां पाठशाळेंत कसा आला, हें क्रमानें पाहूं. अलीकडे या ग्रंथाच्या नांवावर मुलांना जें एक भलतेंच उत्तर देण्यांत येतें, त्याचाही परामर्श घेणें भाग आहे.

(२)

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मध्यें झाला व सिद्धांतशिरोमणि त्यांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचिला, हें त्यांच्याच लेखावरून ठरतें. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें आपलें गांव आणि महेश्वर हे आपले पिते, अशीही माहिती त्यांनीं दिली आहे. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोल असे या ग्रंथाचे चार भाग मानितात. पैकीं लीलावतीचें नांव घरोघर पोंचलें, तें बहुतांशीं तिच्या विवाहाच्या कथेमुळें. परंतु ती कथा मूळ ग्रंथांत नाहीं, फैजीनें इ. स. १५८७ मध्यें केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेवरून ती प्रसृत झाली. मुळांत आहे ती एका बालेस उद्देशून उदाहरणें घालण्याची पद्धति. पाण्यावर अर्धा हात दिसणारी कमळाची कळी वाऱ्यानें कलून दोन हातांवर बुडाली तर पाणी किती खोल, असा तेथें प्रश्न आहे. आणि उत्तर पावणेचार हात. मुलाच्या डोळ्यांपुढचें तळें व कमळ घेऊन त्यांतून कर्णभुजेचें गणित काढणें ही जी हातोटी लीलावतींत दिसते, तीच गोलाध्यायांत अधिक मोठ्या विषयावर चालविलेली आहे.

ग्रहगणितांत अमुक वेळीं ग्रह कोठें असेल हें काढण्याची रीति आहे. ती रीति कां खरी, याची उपपत्ति गोलाध्यायांत आहे. या उपपत्तीस ज्योतिषी 'वासना' म्हणतात, व आचार्यांनीं आपल्याच ग्रंथावर जी टीका लिहिली तिचें नांवही वासनाभाष्य असेंच आहे. गोल न जाणणाऱ्या गणकाला त्यांनीं तुपावांचूनच्या जेवणाची उपमा दिली आहे. या प्रशंसेच्या पाठोपाठ येतें तें प्रकरण केवळ प्रश्नांचें आहे. पृथ्वीचा आकार कसा व मान किती, दिवस लहानमोठा कां होतो, देवांचा दिवस सहा महिन्यांचा म्हणतात तो कसा, चंद्राचें ग्रहण एका बाजूनें व सूर्याचें दुसऱ्या बाजूनें कां सुरू होतें, चंद्राची कोर कां वाढते व कां घटते, असे ते प्रश्न आहेत. आधीं सर्व प्रश्न मांडून ठेवावे आणि मग एकेकाचें उत्तर द्यावें, अशी ग्रंथाची बांधणी आहे.

येथें एक शंका निघेल. शास्त्रग्रंथांत 'बाल' म्हणजे वयानें लहान असा अर्थ नसतो. व्याकरण, काव्य व कोश शिकलेला परंतु तें विशिष्ट शास्त्र न शिकलेला, असा असतो. तेव्हां गोलाध्यायाचा अधिकारी चांगला संस्कृत जाणणारा विद्यार्थी आहे, अंगणांत खेळणारें पोर नव्हे. ही शंका रास्त आहे व ती आम्हांस मान्य आहे. परंतु प्रश्न मात्र त्या पोराचेच आहेत, आणि उत्तरांतील दृष्टांत पाहिले म्हणजे ते त्या पोरालाही कळण्याजोगे आहेत, असें दिसून येईल.

(३)

पहिला प्रश्न आधाराचा. पृथ्वी शेषावर, कूर्मावर किंवा दिग्गजांवर आहे असें म्हटलें, तर तो शेष कशावर आहे, हें मूल विचारणारच. आचार्यांनीं नेमका हाच प्रश्न हातीं धरिला आहे. आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा, अशी मालिका कधीं संपणार नाहीं. आणि शेवटचा कोणी स्वशक्तीनें राहतो असें मानावयाचेंच असेल, तर तें पहिल्याविषयींच, म्हणजे पृथ्वीविषयींच, कां मानूं नये? मुलाचा जो प्रश्न वडील माणसें 'पुरे आतां' म्हणून थांबवितात, त्यालाच येथें प्रमाणाचें स्थान मिळालें आहे.

दुसरा प्रश्न खालच्या माणसांचा. पृथ्वी वाटोळी असेल तर पलीकडच्या बाजूचीं माणसें गळून कशीं पडत नाहींत? उत्तर असें, कीं जो जेथें उभा आहे तो पृथ्वी आपल्या खालीं व आपण वर असेंच समजतो. बरोबर समोरच्या बाजूचीं माणसें आपल्याला जळाच्या कांठीं उभ्या असलेल्याच्या प्रतिबिंबाप्रमाणें उलटीं वाटतील. पण आपण येथें जसे सुखानें आहों तशीं तींही तेथें आहेत. नदीच्या कांठीं नेऊन मुलाला त्याचें प्रतिबिंब दाखविलें कीं या उत्तराचा अर्धा भाग झाला. पृथ्वीगोलावर पर्वत, उद्यानें व गांवें सभोंवार कशीं आहेत हें सांगण्यास कदंबाच्या फुलाची उपमा घेतली आहे. गोल गांठीला चोहोंकडून केसर फुटलेले असतात आणि त्यांतला कोणताच केसर खालचा किंवा वरचा म्हणतां येत नाहीं.

तिसरा प्रश्न, मग ती सपाट कां दिसते? परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो. पृथ्वी मोठी व माणूस लहान, म्हणून त्याच्या दृष्टीला ती सपाट वाटते, हें उत्तर. आणि ती खरोखर आरशासारखी सपाट असती, तर उंचावरून फिरणारा सूर्य रात्रीं आपल्याला कां दिसत नाहीं, असा उलट प्रश्न आचार्य करितात. मेरूच्या आड जातो म्हणावें, तर मध्यें मेरु कां दिसत नाहीं? शिवाय मेरु उत्तरेस. मग सूर्य दक्षिणेकडे झुकून कसा उगवतो? मोजण्याची युक्तिही दिली आहे. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर मानिली, तर तेवढ्या अंतराची सोळापट म्हणजे पृथ्वीचा परिघ. साडेबावीस अंश हा अक्षांश आजच्या मापानें किंचित् कमी आहे, उज्जैन तेवीस अंशांच्या थोडें वर पडतें. परंतु रीति निर्दोष आहे. परिघ ४९६७ योजनें त्यांनीं दिला आहे.

चंद्राच्या कलांविषयीं दृष्टांत मातीच्या घटाचा. उन्हांत ठेवलेल्या घटाची सूर्याकडची बाजू उजळते व पलीकडची आपल्याच सावलीनें काळी राहते, तसाच चंद्राचा गोल. ग्रहणाच्या प्रकरणांत युक्ति अधिक सूक्ष्म आहे. चंद्र पूर्वेकडे चालतो म्हणून त्याची पूर्वेची कड पृथ्वीच्या छायेंत आधीं शिरते. सूर्याला तर चंद्र पश्चिमेकडून येऊन झांकतो. अर्धें ग्रासलेल्या चंद्राचीं शिंगें बोथट व सूर्याचीं तीक्ष्ण दिसतात, कारण पृथ्वीची छाया चंद्राहून मोठी आहे. दोघांनाही गिळणारा एकच राहु असता तर हे भेद कां पडावे?

गोलाच्या पृष्ठफळाविषयींही तसेंच. लल्लाचार्यांनीं गोलाचें पृष्ठफळ वृत्ताचें क्षेत्रफळ गुणिलें परिघ असें दिलें होतें. चेंडूवर ताणून बसविलेल्या जाळ्याचा दाखला घेऊन आचार्यांनीं तें चुकीचें ठरविलें, व खरें पृष्ठफळ मध्यवृत्ताच्या चौपट असतें हें दाखविलें. या लल्लाच्या ग्रंथाचें नांव शिष्यधीवृद्धिद, म्हणजे शिष्यांची बुद्धि वाढविणारा, असें आहे आणि त्याच ग्रंथावर भास्कराचार्यांनीं विवरणही लिहिलें आहे. ज्याच्यावर टीका लिहावयाची त्याचाही दोष शिष्यापासून लपवावयाचा नाहीं, ही त्यांची वृत्ति ध्यानांत घेण्यासारखी आहे.

एवढ्यावर न थांबतां गोल हातानें बांधण्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. वेळूच्या सरळ व गुळगुळीत कामट्यांचीं वृत्तें करावयाचीं, मध्यें चांगल्या लांकडाची ध्रुवयष्टि घालावयाची, आणि आकाश डोळ्यांपुढें फिरवून पाहावयाचें. यंत्राध्यायांत नाना यंत्रें वर्णिलीं आहेत, पण सर्वांत श्रेष्ठ म्हणून शेवटीं सांगितलें तें धीयंत्र. हातांत एक कांठी धरून तिच्या रेषेनें वेळूचें मूळ व अग्र पाहिलें, तर त्याची उंची व आपल्यापासूनचें अंतर दोन्हीं काढतां येतात. बुद्धि हेंच यंत्र, कांठी निमित्तमात्र.

(४)

आतां या उत्तरांच्या मर्यादा. आचार्यांनीं पृथ्वीला एक आकृष्टिशक्ति आहे व तिच्या योगानें ती आकाशांतील जड पदार्थ आपल्याकडे ओढते, असें स्पष्ट म्हटलें आहे. एवढ्यावरून 'न्यूटनच्या आधीं पांचशें वर्षें गुरुत्वाकर्षणाचा शोध भास्कराचार्यांनीं लाविला' असें विधान व्याख्यानांतून व मुलांच्या पुस्तकांतून वारंवार केलें जातें. ग्रंथ उघडून पाहणारास हें विधान मान्य करितां येणार नाहीं. इ. स. १६८७ मध्यें न्यूटननें सांगितलें तें हें, कीं प्रत्येक वस्तु प्रत्येक वस्तूला ओढते, ती ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होत जाते, आणि झाडाचें फळ खालीं पाडणारी व चंद्राला त्याच्या कक्षेंत ठेवणारी शक्ति एकच आहे. गोलाध्यायांत ओढणारी पृथ्वी एकटीच आहे, ग्रहांची गति तिच्याशीं जोडलेली नाहीं, आणि ओढीचें मानही दिलेलें नाहीं. पृथ्वी स्वतः कां पडत नाहीं याचें आचार्यांचें उत्तर वेगळेंच आहे. सभोंवार आकाश सारखेंच असतां ती कोणत्या बाजूस पडणार? शिवाय अग्नीला उष्णता व पाण्याला द्रवत्व तसें पृथ्वीला स्थिरत्व स्वाभाविक, असें ते म्हणतात.

हें स्थिरत्व आज टिकत नाहीं. आर्यभटांनीं इ. स. ४९९ च्या सुमारास पृथ्वीचें आवर्तन सांगून चालत्या नावेंतून मागें सरकणाऱ्या तीराचा दृष्टांत दिला होता. पुढील सिद्धांतकारांनीं तो मान्य केला नाहीं. पृथ्वी तशी फिरती, तर घरटें सोडून उडालेले पक्षी परत घरट्याशीं कसे येते, असा लल्लाचा आक्षेप प्रसिद्ध आहे. पृथ्वी सतत खालीं जात आहे या बौद्ध मताचेंही आचार्यांनीं खंडन केलें, तें वर फेंकलेली जड वस्तु परत भूमीवर येते या अनुभवाच्या आधारें. परंतु अधिक जड तें अधिक वेगानें पडतें ही समजूत त्या युक्तीच्या तळाशीं आहे, आणि ती सतराव्या शतकांत गॅलिलिओनें खोडून काढिली. आजचें उत्तर असें आहे, कीं पृथ्वी सूर्याकडे निरंतर पडतच आहे, परंतु तिला आडवी गति असल्यामुळें ती सूर्यावर न आदळतां त्याच्या सभोंवार फिरत राहते. बारावें शतक ज्याला 'पडत नाहीं' म्हणत होतें, त्याला आपण 'पडून पडून फिरते' म्हणतों.

राहूच्या बाबतींत तर आचार्यांनीं तडजोड केली आहे. छायेची सर्व उपपत्ति दिल्यावर, श्रुतिपुराणांशीं विरोध नको म्हणून, ब्रह्मदेवाच्या वरानें राहु त्या छायेंत व चंद्रबिंबांत प्रवेश करितो, असें ते म्हणतात. पुढील काळांतील अनेकांनीं छाया सोडून दिली आणि राहु तेवढा ठेवून घेतला!

म्हणून आमचें म्हणणें असें, कीं भास्कराचार्यांचें खरें मोठेपण उत्तर प्रथम सांगण्यांत शोधूं नये. तें प्रश्न मान्य करून, विचारणाऱ्याला स्वतः पडताळा घेतां येईल असें उत्तर देण्यांत आहे. मुलाला 'आपल्या आचार्यांना हें सारें ठाऊक होतें' असें सांगितल्यानें त्याची छाती फुगते, पण त्याचा प्रश्न तेथेंच मरतो. शेष आहे म्हणून थांबविणें आणि न्यूटनच्या आधींचें आहे म्हणून थांबविणें, या दोहोंत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. दोन्हींत वासना नाहीं.

(५)

या ग्रंथाचें अध्यापन चालावें म्हणून महाराष्ट्रांत झालेल्या दानाचा लेख आपल्या सुदैवानें उपलब्ध आहे. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण हें ओसाड पडलेलें गांव. तेथील भवानीच्या देवळांतला शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम उजेडांत आणून इ. स. १८६५ मध्यें प्रसिद्ध केला, व पुढें कीलहॉर्न यांनीं तो एपिग्राफिया इंडिकेच्या पहिल्या खंडांत संपादिला. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या पदरीं नेलें. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी झाले. या चांगदेवांनीं आजोबांचे सिद्धांतशिरोमणिप्रमुख ग्रंथ व त्यांच्या वंशजांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून पाटण येथें मठ स्थापिला. निकुंभवंशीय सोइदेव यानें शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाचे वेळीं त्या मठास दान दिलें. इसवी सनाच्या हिशेबानें तो दिवस ९ आगस्ट १२०७ हा येतो. सोइदेवाचा भाऊ हेमाडिदेव याचाही दानकर्ता म्हणून उल्लेख आहे.

या लेखांत दोन गोष्टी विशेष आहेत. ग्रहण हें पृथ्वीच्या छायेमुळें होतें असें प्रतिपादन करणाऱ्या ग्रंथाच्या अध्यापनासाठीं दान झालें तें ग्रहणाच्याच पर्वावर, पुण्यकाळ म्हणून. छाया जाणणारे व पर्व पाळणारे एकाच ठिकाणीं होते, आणि त्यांचें तेव्हां भांडण नव्हतें. दुसरी गोष्ट, लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठी गद्यांत असून मराठीच्या अभ्यासकांना तो त्या कारणानें परिचित आहे. पाटणच्या बाजारांत येणाऱ्या मालावरील हक्क, तेलाच्या घाण्यामागें तेल, अशा बाबी त्यांत आहेत. भाषेच्या इतिहासासाठीं या ओळी शंभर वेळां चाळिल्या गेल्या. परंतु त्यांतील घाणेवाला व गिऱ्हाईक हे गोलाध्यायाच्या पठनाला हातभार लावीत होते, या अंगानें त्यांच्याकडे पाहिलें गेलें नाहीं.

(६)

पुढें ओहोटी लागली. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ (इ. स. १५२०) मध्यें ग्रहलाघव रचिला. ज्याचापाची खटपट न करितां ग्रहसाधन करण्याची अशी सोयीची रीति त्यांत आहे कीं पंचांग करणाऱ्यांस दुसऱ्या ग्रंथाची गरज उरली नाहीं. गणेश दैवज्ञ स्वतः वासनेचे उपेक्षक नव्हते. लीलावतीवरील त्यांची बुद्धिविलासिनी (शके १४६७) उपपत्तींनीं भरलेली आहे. परंतु लोकांनीं घेतली ती रीति. गोदातीरींच्या गोलग्रामच्या घराण्यांतील नृसिंह दैवज्ञांनीं शके १५४३ मध्यें सिद्धांतशिरोमणीवर वासनावार्तिक लिहिलें, व मूळच्या विदर्भांतील घराण्यांतल्या मुनीश्वरांनीं त्यावर मरीचि टीका लिहिली; पण हीं घराणीं तेव्हां काशीस जाऊन राहिलीं होतीं. वासना काशीस गेली आणि कोष्टक घरीं राहिलें, असें थोडक्यांत म्हणतां येईल.

तीनशें वर्षांनीं गोलाध्याय पुन्हां पाठशाळेंत आला तो माळव्यांतील सिहोर येथें. भोपाळचे पोलिटिकल एजंट लान्सिलॉट विल्किन्सन यांनीं तेथील पाठशाळेंत सिद्धांतग्रंथांचे अध्यापन चालविलें, आणि नव्या ज्योतिषाकडे जाण्यास हीच पायरी योग्य, असा निबंध इ. स. १८३४ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत लिहिला. तेथील सुबाजी बापू यांचा सिद्धांतशिरोमणिप्रकाश हा मराठी ग्रंथ इ. स. १८३६ मध्यें मुंबईस छापला गेला. पुराणांचें, सिद्धांतांचें व कोपर्निकसचें अशीं तिन्हीं मतें शेजारीं ठेवून त्यांत विचार केला आहे. नागपुरास लीलावती व बीजगणित शिकलेले बापूदेव शास्त्री इ. स. १८३८ मध्यें सिहोरास गेले, व इ. स. १८४२ मध्यें काशीच्या संस्कृत पाठशाळेंत अध्यापक झाले. विल्किन्सन यांचें गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं शुद्ध करून इ. स. १८६१ मध्यें कलकत्त्यास प्रसिद्ध करविलें. इकडे मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांचें दिग्दर्शन हें मासिक इ. स. १८४० पासून सृष्टिविषयक लेख मराठींत देऊं लागलें होतें.

या परंपरेचा शेवटचा मोठा पुरुष शंकर बाळकृष्ण दीक्षित. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास (इ. स. १८९६) लिहिणारे म्हणून आपण त्यांना ओळखतों, परंतु ते शिक्षक होते, आणि सृष्टचमत्कार, ज्योतिर्विलास हीं सामान्य वाचकांसाठीं लिहिलेलीं पुस्तकेंही त्यांचींच. त्यांच्या एका पुस्तकाचें नांव विद्यार्थिबुद्धिवर्धिनी असें आहे. लल्लाच्या शिष्यधीवृद्धिदाचें हें जणूं मराठी रूपच होय. मधल्या हजार वर्षांत ग्रंथाचें प्रयोजन बदललें नाहीं, एवढें त्या दोन नांवांवरून सिद्ध होतें.

(७)

आतां पोथ्यांच्या संग्राहकांस दोन शब्द. पूर्ण, शुद्ध व जुनी प्रत मिळविण्याकडे आपला ओढा असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु वरील इतिहासांत एक जागा रिकामी आहे. गोलाध्याय कोणीं लिहिला, कोणीं शिकविण्याची व्यवस्था केली, हें कळतें. शिकणाऱ्यानें काय विचारलें, हें कळत नाहीं. तें कळण्याचें साधन म्हणजे विद्यार्थ्यांचीं टिपणें. समासांत काढलेल्या गोलाच्या वेड्यावांकड्या आकृति, दोन ओळींच्या मध्यें मराठींत लिहिलेला अर्थ, एखाद्या श्लोकावर केलेली शंकेची खूण, लीलावतीच्या उदाहरणाचे चुकून पुन्हां केलेले आंकडे, अशीं पानें ज्योतिषाच्या बाडांतून निघतात. आणि 'अपूर्ण', 'फुटकळ', 'किरकोळ' असा शेरा मारून आपण तीं बाजूला टाकतों. पोथीच्या शेवटीं ती कोणाच्या पठनासाठीं लिहिली तें पुष्कळदां दिलेलें असतें. सूचीत मात्र लेखकाचें नांव व शक एवढेंच उतरतें.

आमची सूचना अशी. ज्योतिष व गणित यांच्या पोथ्यांची सूची करितांना आकृति आहेत कीं नाहींत, समासांतील लेखन कोणत्या भाषेंत व किती हातांचें आहे, आणि पोथी कोणाच्या पठनार्थ लिहिली, या तीन गोष्टी स्वतंत्र रकान्यांत नोंदवाव्या. गोलाध्याय, वासनाभाष्य व शिष्यधीवृद्धिद यांचीं सुटीं पानेंही टाकूं नयेत. पाटणच्या मठांत बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचें पान इतक्या काळानें मिळण्याची आशा नाहीं. पण शेंदीडशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या पाठशाळेंतील मुलानें 'पृथ्वी पडत कां नाहीं' या प्रश्नापुढें काय लिहून ठेविलें, हें सांगणारें पान कोणाच्या तरी बासनांत खचित असेल. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील त्यांनीं तीं मूळ स्वरूपांत, चुकांसह, प्रसिद्ध करावीं, इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.